नको रे, आहे सगळं

आमचा एआय एजंट हुशार निघाला आणि घरी बोलणी मी खाल्ली, ते सांगितलं का तुम्हाला? नोएडाच्या ऑफिसात बनवतोय आम्ही तो, स्वतः शिकून निर्णय घेणारा. म्हटलं, आधी घरच्या सामानावर चालवून बघू. रोज संध्याकाळी तो आईला फोनवर विचारायचा, "काकू, काही मागवू का?" आई म्हणायची, "नको रे, आहे सगळं."

अठरा दिवसांनी त्याने आपणहून ठरवलं की हा प्रश्न फुकट जातोय, आणि विचारणं बंद केलं. मी खूश. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, बघा यार, शिकला. घरी येऊन आईलाही सांगितलं.

आई मटार सोलत होती. म्हणाली, "म्हणून गप्प झालाय होय. मला वाटलं, बिघडला."

"पण तू रोज नकोच म्हणतेस ना?"

"नकोच असतं मला. पण कोणी विचारलं की बरं वाटतं."

"मग परत विचारायला लावतो त्याला."

"राहू दे. त्याने निदान अठरा दिवस विचारलं. तू तर नोकरी लागल्यावर आठवड्यात विचारणं सोडलंस."

मी मटार सोलायला बसलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर घराजवळ करोल बागला मेट्रोतून उतरलो आणि फोन केला, "आई, येताना काही आणू का?"

ती म्हणाली, "चार लिंबं आण."

आणली. ठेवायला फ्रिज उघडला, तर आत टोपलीभर लिंबं.