रायफलीची हळदकुंकवाची पूजा

हसायचं न्हाय, तरच सांगतो. रानडुकरं ऊस मोडत्यात म्हणून लायसन काढून मी नवी रायफल आणली. घरात ट्रॅक्टर आला तवा केली तशीच पूजा केली. बायकोला म्हणलं, "नुसतं वरनं नगं, बोल्टालाबी हळदकुंकू लाव." वरनं मीच तेलाचा हात फिरवला.

सकाळी अंथुर्ण्याच्या रानात डुक्कर दिसलं. रायफलीची पयली गोळी म्हणून बायकोबी पूजेचं ताट घेऊन मागं आलेली. मिशीला पीळ दिला आन् गोळी भरायला बोल्ट ओढला, तर हलंना! तेलात कुंकू घट्ट बसलेलं. मी ओढतोय, डुक्कर उभं राहून बघतंय. तेवढ्यात बायकोनं मागनं पूजेचं ताट बडवलं आन् डुक्कर पळालं.

आता राखणीला निघालो की बायको इचारती, "रायफल ऱ्हाऊ द्या, ताट घेतलं का?"