तीन आठवडे वास नको

नाकाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

“ताई, आमच्या लॅबमधल्या निम्म्या उंदरांच्या कॅन्सरच्या गाठी वाटाण्याएवढ्या आणि निम्म्यांच्या मोहरीएवढ्या! मी स्वतः मोजल्या!”

“हळू बोल, लोक बघतायत. असं कशानं गं?”

“तेलानं! निम्म्यांच्या खाण्यात मक्याचं तेल, निम्म्यांच्या माशाचं.”

“मग लहान गाठी कोणत्या तेलाच्या?”

“तेच मला कळता कामा नये! कळलं की हात मनाला हवं तेच मोजतो. माशाचं तेल तर वासावरून कुणीही ओळखेल. म्हणून मॅडमनी मला, पिंजरे धुणारीला, मोजायला बसवलं. त्या तापापासून मला कसलाच वास येत नाही ना!”

“अगं बाई, तेच तर दाखवायला आलोय आपण.”

“तूच ओढून आणलंस. नाक सुधारलं की मी परत पिंजरे धुवायला.”

“आणि बाळाच्या टाळूचा वास येत नाही म्हणून कोण रडत होतं?”

“मीच. पण ताई, मोजायचे तीनच आठवडे राहिलेत गं.”

“नंबर सतरा!”

“आमचाच.” ताई माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही जा आत. आम्ही तीन आठवड्यांनी येतो.”