अकरा शर्टांची गोधडी

मेघना : अजून नाही, अजून नाही. हात पुढे करा. असे. हां, आता उघडा डोळे!

सुभद्रा : काय गो हे? मे महिन्यात वाकळ?

मेघना : वाकळ काय हो आई! मेमरी क्विल्ट म्हणतात याला. नीट बघा ना. कापड ओळखा बघू.

सुभद्रा : ट्रंक उघडलीस माझी.

मेघना : ओळखलंत! बाबांचे शर्ट, अकराच्या अकरा. उद्या वर्षश्राद्ध, म्हणून सरप्राइज. दुपारी तुम्ही खाली भजनाला गेलात की बसायचे तुमच्याच मशीनवर. चाळीस दिवस लागले. एक मिनिट हं, फोन सरळ करते. तुमचा चेहरा नीट यायला पाहिजे.

सुभद्रा : कोणी सांगितलं ट्रंक उघडायला?

मेघना : वैभवनेच. म्हणाला, आईने बाबांचे कपडे अजून जपून ठेवलेत, डांबरगोळ्या घालून. मला ऐकूनच भरून आलं.

सुभद्रा : डांबरगोळ्या माझ्या शालूच्या. ते गाठोडं बोहारणीसाठी बांधलं होतं. बरंसं एखादं पातेलं आलं असतं. पण या टॉवरात वॉचमन बोहारणीला वर सोडत नाही. चाळीत कशी दारात येऊन बसायची.

मेघना : तुम्ही पण ना! रडू येऊ नये म्हणून काहीतरी बोलायचं. रडलात तरी चालेल हो. उलट छानच. असे व्हिडिओ लोकांना फार आवडतात. मला सगळं सांगितलंय वैभवने. ही निळी चौकडी बघा. हा शर्ट घालून बाबांनी त्याला गणपतीच्या रांगेत पाच तास खांद्यावर घेतलं होतं. बरोबर?

सुभद्रा : घेतलं होतं.

मेघना : बघा!

सुभद्रा : मी मागून चालत होते. दोघांच्या चपला डाव्या हातात धरून. उजवा प्लास्टरमध्ये होता.

मेघना : अरेरे. पडला होतात का?

सुभद्रा : इस्पितळात तसंच सांगितलं. नळावर पाय घसरला म्हणून. डॉक्टरीण शहाणी होती, परत परत विचारत होती. तुझा सासरा बाजूला उभा होता, हाच निळा शर्ट घालून. इतकं गोड बोलला तिच्याशी की तीच म्हणाली, नशीबवान आहात.

मेघना : आई, मी... मला नाही कळत तुम्ही काय म्हणताय.

सुभद्रा : कळतंय की. हे खिसे का ठेवलेस मधेमधे?

मेघना : डिझाइन आहे ते. आणि बटणपट्ट्या पण मुद्दाम नाही काढल्या. कारण बटणं किती प्रेमाने लावलीत तुम्ही! एकाच शर्टाला पाच बटणं आणि दोरा प्रत्येकाला वेगळा. पांढरा, राखाडी, क्रीम. मी क्लोजअपच घेतलाय त्याचा.

सुभद्रा : तो गळा धरायचा तेव्हा माझ्या हाताला शर्टच लागायचा. धरून ओढलं की बटण तुटायचं. सकाळी डब्याच्या आधी लावायला बसायचे. मशीनवर त्या दिवशी जो दोरा चढवलेला असेल तो.

मेघना : नाही. वैभव म्हणतो, तुमच्या दोघांत कधी साधं भांडण झालेलं त्याने बघितलं नाही.

सुभद्रा : बघेल कसा? डोळे मिटून बसायचा ना खाटेखाली, कानात बोटं घालून. मीच शिकवलं होतं तसं. एक ते शंभर मोज म्हणायचे. शंभर झाले की परत एकपासून. तुला वाटतं हुशार होता म्हणून शाळेत जायच्या आधी आकडे येत होते?

मेघना : बास, आई. बास ना.

सुभद्रा : पिवळा राहिला. पिवळ्याचं काय सांगितलं त्याने?

मेघना : काही नाही.

सुभद्रा : सांग गो. एवढे चौकोन कापलेस, कोपऱ्याला कोपरा जुळवलास. हात चांगला आहे तुझा. माझ्या दोन्ही मुलींना जमलं नाही कधी.

मेघना : हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. चाळीस दिवस मी मान मोडून काम केलं! रोज थोडं थोडं पेजवर टाकलंय. उद्या कणकवलीहून काका येणार, आत्या येणार, सगळ्यांना माहीत आहे. उद्या जेवणं झाल्यावर तुमच्या खांद्यावर घालायची ठरली आहे. आता मी काय तोंड दाखवू?

सुभद्रा : माझ्या खांद्यावर घालायची.

मेघना : पाच मिनिटं हो. फक्त बसायचं. हसलं नाही तरी चालेल. आणि खरं सांगू? मला राग येतो अशा गोष्टी ऐकल्या की. इतकं होतं तर राहिलात कशाला? हातात शिलाई होती, चार पैसे कमावत होतात. मी तर एक दिवस राहिले नसते.

सुभद्रा : असं.

मेघना : हो. एक दिवस नाही.

सुभद्रा : मग मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे ब्लाउज का शिवतेस?

मेघना : काय?

सुभद्रा : होळीपासून तिसरा चाललाय. पंख्याखाली बसून घामाने निथळतेस आणि बाही मनगटापर्यंत.

मेघना : फॅशन आहे. आता सगळ्याजणी घालतात.

सुभद्रा : फॅशन दोन्ही हातांना असते गो बाय. कागदाचं कटिंग मशीनवरच टाकून गेली होतीस. डाव्या बाहीचा दंड उजव्यापेक्षा सैल काढलास. डोळे गेले नाहीत माझे अजून. चाळीस वर्षं परकर-पोलकी शिवलीत मी.

(मेघना फोन उलटा करून मशीनवर ठेवते.)

मेघना : तुम्हाला माहीत होतं.

सुभद्रा : भिंती कागदाच्या बांधल्यात बिल्डरने.

मेघना : आणि तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. मला आठवतंय. होळीच्या दुसऱ्या दिवशी. बातम्या लागल्या होत्या, एकदम मोठ्याने. मला वाटलं, तुम्हाला ऐकू कमी येतं.

सुभद्रा : माझी सासू स्टोव्हला पंप मारायची. स्टोव्ह पेटलेला असला तरी मारत बसायची. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी मनातून तिला इतक्या शिव्या दिल्यात. आणि त्या दिवशी रिमोट माझ्याच हातात होता.

मेघना : एकदा तरी दार वाजवायचं होतंत. नुसतं पाणी मागायचं. तेवढ्यानेही थांबला असता तो.

सुभद्रा : थांबला असता. मग दुसऱ्या दिवशी माझी बॅग भरली असती. जा गावाला, भात राखत बस. ही जागा आता त्याच्या नावावर आहे, सही मीच केली. पोटचा पोर आहे आणि मी त्याला घाबरते, हे तुला सांगायची लाज वाटते मला. पुरे झालं?

मेघना : तुमच्याच हाताखाली वाढला ना तो?

सुभद्रा : हो. खाटेखाली. बेल वाजली बघ. डोळे पूस.

वैभव : काय गर्दी रे दादरला! ही फुलं, ह्या पत्रावळ्या. केळीची पानं उद्या सकाळी देतो बोलला. काय आई, बघितलीस? रडलीस की नाही? मेघना, शूट केलंस ना?

मेघना : नाही... फोन हँग झाला जरा.

वैभव : हँग झाला?

मेघना : उद्याच करू ना. उद्या सगळेच असतील.

वैभव : चाळीस दिवस घरात चिंध्या उडतायत. पोळीत दोरा, भाजीत दोरा. मी बोललो काही? आणि एक व्हिडिओ होत नाही तुझ्याच्याने? इकडे ये. इकडे ये म्हणतोय ना.

सुभद्रा : मीच थांबवलं तिला. म्हटलं, वैभव येऊ दे. तुझ्या बापाची आठवण, तू नको समोर? लाव गो फोन.

मेघना : आई, नको.

सुभद्रा : लाव म्हणते ना. मी इथे बसू की खिडकीकडे?

वैभव : खिडकीकडे. उजेड चांगला आहे. मेघना, घाल तिच्या खांद्यावर. अशी नको, पूर्ण गुंडाळ. हां. आई, तो निळा तुकडा हातात घे. गणपतीवाला. गालाला लाव ना जरा.

सुभद्रा : असा?

वैभव : मस्त. आता बाबांबद्दल दोन शब्द.

सुभद्रा : फार शांत होते हे. कधी आवाज चढवला नाही घरात. वैभवला खांद्यावर घेऊन पाच पाच तास उभे राहायचे. असा माणूस मिळायला भाग्य लागतं. सुनेने चाळीस दिवस खपून ही गोधडी केली, आता रोज वाटेल जवळच आहेत.

वैभव : कट! एक नंबर! आई, तू तर एकदम हिरॉइन. बघ मेघना, पाणी आणलं की नाही डोळ्यात तिने? आणि आई, आजपासून हीच पांघरायची. उद्या लोक येणार, कोपऱ्यात लोळताना दिसता कामा नये. एसी लावतो पाहिजे तर.

सुभद्रा : पांघरेन.

वैभव : चला, मी अंघोळ करून येतो. मेघना, टॉवेल. आणि ते पोस्ट कर लगेच, मला टॅग कर. कॅप्शनमध्ये लिही, खरं प्रेम.

मेघना : हो.

सुभद्रा : गेला?

मेघना : गेला. काढू का ही अंगावरून?

सुभद्रा : राहू दे. बाहेर येऊन बघेल. डाव्या कोपऱ्याची शिलाई सुटतेय बघ. रात्रीच्या आत परत मार, नाहीतर तुलाच ऐकावं लागेल.

मेघना : मारते. आई...

सुभद्रा : काय?

मेघना : उद्याचा ब्लाउज कापायचा राहिलाय अजून. दंडाला तुम्ही किती सैल ठेवायचात?

सुभद्रा : दीड इंच. आणि आतून मलमल लाव. पहिले दोन दिवस सूज वाढते.