नुसतं बघायचं

(मसाट, सिल्वासा. धाग्याच्या कारखान्यातली सर्व्हरची खोली. नेटवर्क सांभाळणारी कावेरी आणि मॅनेजर माधव. मध्येच पॅकिंगमधली कामगार सरिता येते.)

कावेरी : "'शो'ने, म्हणजे 'दाखव'ने सुरू होणारा हुकूम मशीनला बिनधास्त दे, कावेरी. बघितल्याने काही बिघडत नाही." आमचे दत्तात्रय सर असं शिकवायचे. तुम्ही नेट हळू चालतंय म्हणालात, म्हणून मी तो टाईप केला. आता तुम्ही भलतंच विचारताय, सर.

माधव : भलतं काय त्यात? सगळे वाय-फायचे डबे या एका कंट्रोलरच्या ताब्यात. त्यातला एक बायकांच्या संडासाबाहेर आहे. त्याला कुणाचा फोन किती वेळा जोडला गेला, एवढंच विचारतोय. माझ्या स्क्रीनवर फक्त आत्ताचं दिसतं. मागचं तुझ्या या काळ्या पडद्यावरूनच निघतं म्हणे. खमण घे ना.

कावेरी : आज संकष्टी आहे. आणि तेलाचा हात कीबोर्डला लावू नका.

माधव : बरं बाई. ही बघ, सरिता पॅकिंग. पुन्हा सरिता पॅकिंग. छान नावं घातलीयेस, शोधायचे कष्ट नाहीत.

कावेरी : फोन अडला तर कुणाचा ते लगेच कळावं, म्हणून घातली होती.

माधव : कळलं की! सुकदेव ठेकेदाराला केव्हाचा संशय आहे, हिला दिवस गेलेत. कंत्राट संपतंय तिचं. नवा कागद करायच्या आधी कळलेलं बरं, नाहीतर पुढे रजा, दवाखाना, सगळं आपल्या गळ्यात. मागच्या महिन्याचंही काढ. बाकीच्या बायकांचंही काढ.

कावेरी : शी.

माधव : काय म्हणालीस?

कावेरी : शी म्हणाले. बाईमाणूस कितीदा आत गेलं ते मोजत बसायचं, तेही खमण खात खात.

माधव : अगं, आत कोण डोकावतंय? डबा बाहेर आहे.

सरिता : ताई, येऊ का? सायेब हितंच आहेत वाटतं. सुकदेवभाऊ बोलले, नव्या कागदावर तुमची सही राहिली.

माधव : ये, ये, सरिता. उद्या करतो. बस ना खुर्चीवर. तब्येत काय म्हणते? उलट्याबिलट्या?

सरिता : नाही बा! मला काय धाड भरली? उभीच बरी मी. ताई, तुमचं नेट लई भारी चालतं हो. दुपारी माझ्या लेकीचं, गुड्डीचं तोंड पाहून घेतलं. मामाकडे शिरपूरला ठेवलीये ना तिला. नरोलीला खोलीवर रेंजच नाही भेटत.

कावेरी : जेवलीस का गं?

सरिता : जेवली ना. येते मी. सायेब, सहीचं ध्यानात ठेवा बरं.

माधव : पाहिलंस? ओढणी कशी धरली होती पोटावर?

कावेरी : मी तुमच्याकडे पाहत होते, सर.

माधव : नाटकं नकोत. पुण्य देवळात कमव, इथे पगार घेतेस. चल, मागचा महिना काढ... हे काय टाईप करतेयस? प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'नो' कशाला?

कावेरी : दिलेला हुकूम मागे घ्यायचा तर तोच पुन्हा लिहायचा आणि त्याच्याआधी 'नो' लावायचं. फोनांना नावं मी दिली होती. मीच काढतेय.

माधव : थांब! कावेरी, थांब म्हणतो ना!

कावेरी : हात काढा, सर. कीबोर्ड चिकट झालाय सगळा. झालं. सेव्हही केलं.

माधव : उद्या वापीहून माणूस बोलावतो. तो देईल काढून.

कावेरी : देईल. नुसते आकडे निघतील. कुठला आकडा कुणाचा, ते मला ठाऊक आहे, आणि मी सांगणार नाही.

माधव : सरिताचं तर मी पाहिलंच.

कावेरी : तुम्ही एक फोन पाहिलात. तिची सही करा, सर. नाही केलीत, तर का नाही केली ते कुणीही विचारलं तरी मी खरं सांगेन. मला खोटं बोलायचं नाही, असा नेम आहे माझा.

माधव : मग तूही उद्यापासून येऊ नकोस.

कावेरी : उद्याचं उद्या. आत्ता पॅकिंगला जाऊन येते.

माधव : तिथे काय काम आहे तुझं?

कावेरी : तिथल्या बायकांचे फोन जोडून देत होते तेव्हा त्यांच्यातल्या भिमाबाईंनी विचारलं होतं, "आमचं कोणी बघणार तर नाही ना, ताई?" म्हटलं होतं, कुणी बघायला लागलं तर सगळ्यांत आधी मी येऊन सांगेन... दार ओढून घ्या, सर. गार हवा बाहेर जाते.