सुनेचं गुंतवळ

वैशाली मोरीच्या कडेला पडली होती आणि मी तिला म्हणत होते, ऊठ, सोंगं पुरे झाली. लिहून घेताय तर हे पहिलं लिहा. सकाळचे नऊ वाजलेले, माझी भांड्यांची पाटी भरून तयार, मला फेरीला निघायचं होतं, आणि ही माझी सून आदल्या दिवसापासून उलट्या-जुलाबाचं निमित्त करून पडून हाय, असं माझं म्हणणं. चौदा महिन्यांची नात तिच्या गाऊनला धरून बसलेली. मी वैशालीला हलवलं. हाताने नाय, पायाने. पाय लागला तर अंग थंडगार, भर मे महिन्यात. डोळे अर्धे उघडे, बोलायला गेली तर जीभ वळेना. शेजारची रुखसानाभाभी आवाज ऐकून आली, एकदा बघितलं आणि म्हणाली, मावशी, बाजूला व्हा, ये नाटक नहीं है, पोरगी चालली तुमची. रिक्षा तिनेच आणली. नात तिच्या कडेवर, वैशालीचं डोकं माझ्या मांडीवर. तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, भांगाच्या दोन्ही बाजूंना नुसती कातडी.

मी मूळची निफाडकडची. चौथी शिकले, पुढची शाळा लांब होती आणि गुरं जवळ होती. लग्न होऊन नाशकात आले ती द्वारकेच्या मागच्या गल्लीत, अजून तिथंच हाय. नवरा गेला तेव्हा माझा किरण तिसरीत होता, मग सासूचा धंदा मी डोक्यावर घेतला. लोक मला बोहारीण म्हणतात, पण बोहारीण जुने कपडे घेते, मी केस घेते. बाया विंचरताना निघालेलं गुंतवळ पिशवीत साठवतात, खिडकीच्या गजाला अडकवून ठेवतात, ते मला द्यायचं आणि वाटी, पेला, चाळणी काय हवं ते घ्यायचं. पुढे ते व्यापारी नेतो, त्या केसांचे डोक्यावर घालायचे टोप होतात. पंचवीस वर्षं हेच केलं.

तर काय सांगू तुम्हाला, मला केस कळतात ही माझी घमेंड होती. मुठीत घेतला की सांगायचे, हा तुटलेला, हा मुळासकट आलेला, त्याच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. बाळंतिणीचं घर तर पिशवीवरून ओळखायचे. पोर तीन-चार महिन्यांचं झालं की तिची पिशवी एकदम फुगते, आणि ती रडते, मावशी, टक्कल पडेल हो मला. मी हसायचे. म्हणायचे, पोर माणसं ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, वर्षात थांबतात, डोळे पूस आणि डबा घे. आणि केस थांबायचे पण. मी खोटं सांगत नव्हते बाई. खरं होतं म्हणून तर घात झाला.

वैशालीला आई नाय, म्हणून पहिलं बाळंतपण माझ्याकडे. त्यात तिचं रक्त लय गेलं, दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. घरी आणली तर दूध नाय, थेंब नाय. अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शेपू झाला, छाती कोरडी ती कोरडी. मी म्हटलं, हल्लीच्या पोरींना पाजायचंच नसतं, अंग सुटतं ना. मग डब्यातलं दूध सुरू केलं. चौथ्या महिन्यात तिचे केस जायला लागले तेव्हा मी तेही गोळा करायला लागले, लांबसडक होते, टाकवतात का. पिशवी भरली तशी पाटीतली एक वाटी तिच्यापुढे ठेवली, म्हटलं, घे, तुझ्या केसांची. चेष्टा हो. ती पण हसली. त्याच वाटीत ती पोरीचं दूध कालवायची.

वर्ष झालं तरी केस थांबेनात. वर्षात थांबतात हे मीच दारोदार सांगत होते ना? पण बाहेरच्या बायांना एक डोळा आणि घरच्या सुनेला दुसरा. तिच्या भुवया विरळ झाल्या. एकदा मी तिच्या डोक्यावर पाणी घालत होते तर हळूच म्हणाली, आत्या, काखेतले पण गेले, आणि पाळी अजून नाय आली. मी म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. दोन पायऱ्या चढली की बसायची, उन्हाळ्यात गोधडी घ्यायची, मी तिला म्हातारी म्हणून हाक मारायचे. किरण म्हणाला, आई, डॉक्टरला दाखवू का. मी म्हटलं, केस गळतात म्हणून दवाखान्यात जातं का कुणी, मी बघितले तेवढे केस त्या डॉक्टरने तरी बघितलेत का. बायकोसाठी एवढंच बोलता आलं त्याला. रुखसानाभाभीने दोनदा सांगितलं, मावशी, खून की कमी होगी, दाखवा तरी. मी म्हटलं, भाभी, तुम्ही तुमचं घर बघा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, वैशालीच्याच वयाची. बीपी पार खाली, साखर खाली. सुया टोचल्या, सलाईन लावलं, मग मला बाहेर बाकावर बसवून विचारायला लागली. बाळंतपणात रक्त जास्त गेलं होतं? हो. दूध आलं? नाय. पाळी? नाय. थंडी वाजते, थकते? हो. काखेतले केस? तेही गेले. ती म्हणाली, म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग तपासण्या झाल्या आणि तिने समजावलं. मेंदूखाली हरभऱ्याएवढी गाठ असते, सगळ्यांनाच असते, दूध, पाळी, अंगातली ताकद तिच्यावर चालते, बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा ती सुकली. आता गोळ्या जन्मभर, एक दिवस चुकवायच्या नाहीत, ताप-जुलाब झाले की लगेच यायचं. मी तरी विचारलंच, बाई, केस तर सगळ्यांचेच गळतात की. ती म्हणाली, गळतात, आणि बहुतेकींचे आपोआप भरून येतात, त्याला औषध लागत नाही. पण वर्ष उलटलं, मध्येच चट्टे पडले, नाहीतर जोडीला थकवा असला, छातीत धडधड असली, थंडी सोसत नसली, पाळी येत नसली, तर वाट बघायची नाही, रक्त तपासायचं. कुणाचं रक्त कमी निघतं, कुणाला थायरॉइड निघतो, आणि क्वचित कुणाला हे. आणि अजिबात दूध आलं नाही तेव्हाच यायला हवं होतं, आजी. मी पंचवीस वर्षं मुठीतले केस बघितले, ज्या डोक्याचे त्याच्या खालचं तोंड बघितलं नाय.

अजून फेरीला जाते, जवळपासच. बाळंतीण दिसली की विचारते, दूध आहे का, दम लागतो का, पाळी आली का. बाया म्हणतात, मावशी, केस न्यायला आल्या का पंचायत करायला. एकीने तोंडावर दार लावलं. लावू दे.

वैशालीचे केस आले, पण पहिल्यासारखे नाय. ती मला एका शब्दाने बोलली नाय. वेळेवर ताट वाढते, गोळी घेतली का विचारलं तर हो म्हणते. फक्त विंचरून झालं की रीतीप्रमाणे गुंतवळावर थुंकून ते कागदात बांधते आणि खाली उतरून घंटागाडीत टाकून येते. माझ्या पिशवीत नाय. ती वाटी पण घासून-पुसून माझ्या पाटीत परत ठेवली तिने. मी ती कुणाला देत नाय, रोज पाटीत जाते आणि परत येते.

माफी मागितली का म्हणता? नाय. पाय लावला तो लावला, तोंडाने काय पुसणार. देवाने तिला माझ्याहून जास्त आयुष्य द्यावं, एवढं म्हणते, तेही मनात. नात दोन वर्षांची झाली, माझी पाटी ओढत घरभर फिरते. त्या सकाळी मोरीपाशी पडली होती ती वैशाली जगली.