विनंतीतलं नाव

पाळकसाहेब, मंडळी, आणि गावातनं आलेल्या आयाबायांनो, बाप्यांनो,

तुम्ही आलात. आपल्या या एवढ्याशा प्रार्थनाघरात मावेना इतके आलात. जे बाहेर लिंबाखाली उभे आहेत, त्यांनाही माझा आवाज पोचू दे. मला बोलायची सवय नाही. आमच्या घरात बोलायचं काम आत्यांचं, आणि माझं काम शेवटी ‘आमेन’ म्हणायचं. आज त्या नाहीत, म्हणून मला उभं केलंय. मधेच अडले तर मी थांबेन. तुम्हीही जरा थांबा.

मार्थाबाई माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणायचे. परवा सांजच्याला त्या गेल्या, आणि काल आपण त्यांना माती दिली.

सगळे म्हणतात, मार्थाबाईंची श्रद्धा मोठी. मी त्यांच्या घरात राहिले, त्यांच्याच चुलीवर भाकरी थापल्या. मी सांगते, हट्ट मोठा होता. श्रद्धा होती का, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. तेच सांगायला उभी आहे.

गावातली बाकीची माणसं आलीत, त्यांच्यासाठी आमची एक रीत सांगते. आमच्यात रोज दिवेलागणीला घराघरात प्रार्थना होते. तिचे दोन भाग. आधी विनंती, मग उपकार. विनंतीत जित्या माणसांची नावं घ्यायची. अमक्याला बरं कर, तमक्याला सुखरूप आण. गेलेल्या माणसासाठी आम्ही मागणं मागत नाही. तो देवाच्या हवाली झाला. त्याचं नाव उपकारात घ्यायचं, त्याचं आयुष्य दिलंस म्हणून तुझे उपकार. रीत साधी आहे. पण एखादं नाव विनंतीतनं उपकारात गेलं, की ते माणूस मेलं. हे इथं पोरासोरांनाही कळतं.

माझा नवरा दावीद आपल्या शाळेत मास्तर होता. रझाकारांच्या दिवसांत गावात तापाची साथ आली आणि औषध संपलं. ते म्हणाले, मी बार्शीहून कोयनेल घेऊन येतो. आपण निजामाच्या राज्यात, बार्शी हिंदुस्थानच्या हद्दीत, मधे निजामाचा करोडगिरी नाका, जकातीचा. आत्यांनी भाकरी बांधून दिली. मी दारात उभी होते. ते गेले, ते गेलेच.

ते दिवस तुम्हाला आठवतात. रझाकार आम्हा ख्रिस्ती घरांना म्हणायचे, तुम्ही काँग्रेसवाल्यांचे. गावातले काही म्हणायचे, तुम्ही निजाम सरकारचे. आम्ही कुणाचेच नव्हतो, म्हणून आम्हाला जायला जागाच नव्हती. दिवसासुद्धा दाराला कडी. प्रार्थना तोंडातल्या तोंडात. गाणं बंद. पण विनंतीत दावीदचं नाव आलं की आत्यांचा आवाज चढायचा. मी त्यांचा पदर ओढायची.

“आत्या, हळू. भाईर ऐकत्याल.”

“ऐकू दे. ज्यानं ऐकावं त्यानं अजून ऐकलं न्हाय.”

मग पोलीस ॲक्शन झाली. दारं उघडली. बार्शीकडं पळालेली माणसं गाड्या जुंपून परत आली. येणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी आत्या जायच्या. कुणी म्हणालं, मास्तर बार्शीत दिसले होते. कुणी म्हणालं, नाक्याच्या अलीकडं गोळीबार झाला, त्यात होते. हे बघितलेलं माणूस मात्र एकही भेटलं नाही. सगळ्यांनी ऐकलेलं.

गावाची दारं उघडली. आमच्या घराचं दार तेवढं लागलेलंच राहिलं.

पाळकसाहेब, रागवू नका, पण तो रविवार सांगते. तुम्ही आमच्यावरच्या मायेनं केलंत. बरेच दिवस गेले, आता या घराला विसावा मिळावा, म्हणून तुम्ही दावीदचं नाव उपकारात घेतलंत. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि आत्या भर प्रार्थनेत उभ्या राहिल्या.

“पाळकसायेब, माज्या लेकाला मातीत घातलं व्हय तुमी? मग माती कुठं हाय ती दावा.”

मग साहेबांनी काय केलं? प्रार्थना पहिल्यापासनं धरली आणि नाव परत विनंतीत घेतलं. एवढा मोठा माणूस, पण म्हातारीपुढं हरला. मी तेव्हा ‘आमेन’ म्हणाले नाही. ते कुणाच्या ध्यानात आलं नसेल.

का म्हणाले नाही? आज सांगते. माझं माहेर तेरचं. माझा दादा वरचेवर यायचा. म्हणायचा, तुझं वय काय, तू अशी किती दिवस बसणार? एक चांगलं स्थळ होतं. बायको वारलेली, माणूस सालस. दादा पाळकसाहेबांकडं गेला. साहेब म्हणाले, ज्याच्यासाठी सगळी मंडळी विनंती करते तो जिता. जित्या माणसाच्या बायकोचं लग्न मी कसं लावू? साहेबांचं काही चुकलं नाही. रीतच तशी. दादाला म्हणाले, मार्थाबाईंनी आपल्या तोंडानं नाव उपकारात घेतलं, तर बघू.

म्हणजे माझी किल्ली आत्यांच्या तोंडात होती.

मला जायचं होतं का? होय. जायचं होतं. सांगायला लाज कसली? ना सवाष्ण, ना विधवा. हळदीकुंकवाला कुणी बोलवावं की नाही हे बोलावणारीला कळेना, आणि जावं की नाही हे मला. रोज दिवेलागणीला आत्या गुडघ्यावर बसायच्या, आणि मी शेजारी बसून मनातल्या मनात म्हणायची, देवा, आज तरी या म्हातारीला थकव. ती तिच्या लेकासाठी मागायची, मी तिच्या थकण्यासाठी. एकाच चटईवर. दोघींचंही त्यानं ऐकलं नाही.

मग आत्यांना ताप भरला. बसवेना तर पडून, बोलवेना तर ओठ हलवून, पण नाव घ्यायच्या. मी ओल्या फडक्यानं तोंड पुसायची. मरणाच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला.

“पोरी, म्या गेले की माजं नाव उपकारात घे. त्याचंबी घे. एका दमात घे. मोकळी व्हय.”

मला हे किती दिवसांपासनं ऐकायचं होतं. आणि ऐकलं तर अंगावर काटा आला. मी विचारलं, “आत्या, तुमचा इस्वास सरला?”

“इस्वास कुठला गं बाई. मला थांबाया येत न्हाय. तुला यील.”

मला वाटायचं, त्यांनी मला कोंडून ठेवलंय आणि किल्ली घेऊन त्या बाहेर बसल्यात. तसं नव्हतं. त्याही आतच होत्या. माझ्याआधीपासनं.

काल माती देऊन आल्यावर मी दिवा लावला. चटई टाकली, एकटीच बसले. आत्यांचं नाव उपकारात घेतलं. रडू आलं, पण नाव घेतलं. मग दावीदचं घ्यायला गेले. परवानगी होती. किल्ली माझ्या हातात होती. कुणी ऐकायलाही नव्हतं. आणि तोंडातनं निघालं, “त्यांना सुखरूप आण.”

मला माझाच राग आला. पुन्हा बसले. पुन्हा तेच निघालं.

ही श्रद्धा आहे, की हट्ट, की नुसती सवय? मला माहीत नाही. आत्यांनाही माहीत नव्हतं. माहीत नसतानाही गुडघ्यावर बसता येतं, एवढंच त्यांनी मला शिकवलं. न सांगता. रोज.

माझा दादा इथं पुढंच बसलाय. आत्यांनी मला मोकळं केलं हे त्याला कळलंय. मला तेरला न्यायला तो सकाळीच गाडी जुंपून आलाय, ती बाहेर उभी आहे. दादा, तुझी माया मला कळते. पण बैल सोड. त्यांना पाणी दाखव. उद्याचं मी काही सांगत नाही. उद्या कदाचित मीच तुला सांगावा धाडीन. आज नको.

मंडळी, आता सगळ्यांनी उभं राहू या. डोळे मिटू या. मनात मार्थाबाईंचं नाव घ्या, उपकारात घ्या. ते त्यांनी कमावलंय.

दावीदचं नाव कुणी घेऊ नका. ते मी घेते. विनंतीत.