आईने आधी विचारायला हवं

चोरून ऐकायची मॉरीनला खोड नव्हती. पण लंडनच्या त्या सँडविचच्या दुकानातली रांग काही हलेना, आणि पुढे उभे असलेले दोघे बँकवाले, ग्रेअम आणि त्याचा मित्र ओवेन, आवाज काही खाली आणेनात.

“आई कशी आहे रे, ग्रेअम? स्पेनमध्येच?”

“स्पेनमध्येच. तिची गुंतवणूक माझ्याकडे आहे, तोच तर घोळ झालाय.”

“घोळ कसला?”

“आपला देश युरोपियन युनियनमधून बाहेर पडला ना? आता तिकडच्या ग्राहकाला आपण होऊन सल्ला द्यायचा नाही. त्याने स्वतःहून विचारलं, तरच तोंड उघडायचं.”

“अरे, पण आई आहे ती!”

“आमचे कायदेवाले म्हणतात, आई असली तरी ग्राहकच.”

“मग तिलाच सांग, तू विचार म्हणून.”

“तसं नुसतं सुचवलं, तरी पुढाकार माझा ठरतो.”

“घरून फोन कर.”

“तिच्याशी बोलायचं ते ऑफिसच्याच फोनवरून. सगळं रेकॉर्ड होतं.”

“मग बोलता तरी काय?”

“हवापाणी. शुक्रवारी तिच्या योजनेची मुदत संपतेय, आणि ती मला कुंडीतल्या टोमॅटोंचं सांगते.”

“धन्य आहे!”

“काल धीर करून म्हटलं, आई, तुला काही विचारायचंय का?”

“शाब्बास! मग?”

“म्हणाली, हो रे, कधीपासून विचारीन म्हणतेय. तू सुखी आहेस ना?”

“आणि तू?”

“रेकॉर्डिंग चालू होतं. म्हटलं, या विषयावर बोलायची मला परवानगी नाही.”